कान्हेरीची लेणी आणि तेरची वाट

लेणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. दूरचा डोंगर, दाट रान, आणि जगाकडे पाठ फिरवून अंधाऱ्या गुहेत बसलेला एखादा भिक्षू. हे चित्र अगदीच खोटे आहे असे नाही. पण ते अपुरे आहे. आज ज्या लेण्यांविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, ती कान्हेरीची लेणी वरवर पाहता या चित्रात चपखल बसतात. मुंबईसारख्या महानगराला लागून असूनही ती आज खरोखरीच रानात आहेत. पण श्रोतेहो, कान्हेरीचे हे एकाकीपण मागाहून आलेले आहे. ज्या काळी ती जागती होती, त्या काळी ती व्यापाराच्या हमरस्त्यापासून फार लांब नव्हती. आणि त्या रस्त्याच्या जाळ्याचे एक टोक कोठे होते म्हणाल, तर आपल्याच धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, तेर या गावी. भूमच्या माणसाने कान्हेरीविषयी का बोलावे, याचे उत्तर हे असे आहे.

आधी जागा पाहू. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर बोरिवली हे स्थानक आहे. तेथून पूर्वेला थोडे गेले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक लागते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. पूर्वी याला बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणत. आजचे नाव नंतरचे. फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरची सडक आहे. दोन्ही बाजूंना साग, खैर, काटेसावर, बांबू. पावसाळ्यानंतर गेलात तर उतारावर कारवी दाटलेली दिसते. ही कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. रानात चितळ आहे, सांबर आहे, माकडे तर पावलोपावली, आणि बिबट्याही आहे. आदिवासी पाड्यांवरचे वारली लोक त्याला वाघोबा म्हणून पुजतात. त्याचे दगडी देव आजही रानात शेंदूर लावलेले दिसतात. आपल्या बालाघाटच्या बोडक्या माळावरून गेलेल्या माणसाला एवढी हिरवाई पाहून क्षणभर लेण्यांचा विसरच पडावा!

आणि मग चढ सुरू होतो व झाडांतून एकदम काळा कातळ पुढे येतो. या कातळात, एका ओढ्याच्या दोन्ही अंगांना, शंभराहून अधिक लेणी खोदलेली आहेत. वेरूळ-अजिंठ्याला डोंगराच्या कड्याला धरून एकामागून एक लेणी असतात. तसे येथे नाही. येथे लेणी थरावर थर अशी डोंगरभर विखुरली आहेत, आणि एका लेण्याकडून दुसऱ्याकडे जायला कातळातच पायऱ्या कोरल्या आहेत. वर माथ्यावर उभे राहिले आणि हवा स्वच्छ असली, तर पश्चिमेला समुद्राची रेघ दिसते आणि उत्तरेकडे वसईच्या खाडीचा पट्टा. ही दोन दृश्ये ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्या कामी येणार आहेत.

कान्हेरी हे नाव कोरीव लेखांतल्या कण्हगिरी किंवा कण्हसेल या प्राकृत नावावरून आले. संस्कृतात तो कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर. येथील वस्ती इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून धरतात आणि ती हजार वर्षांच्या आसपास टिकली. हजार वर्षे एका जागी एकाच प्रकारची वस्ती टिकणे, ही साधी गोष्ट नव्हे. आपल्याकडे गावेच्या गावे दुष्काळात उठून जातात. मग येथे, एका कातळावर, शेकडो भिक्षू पिढ्यान्‌पिढ्या राहिले कसे? त्यांना खायला कोणी घातले, आणि प्यायला पाणी कोठून आले?

यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. हा कान्हेरीचा मोठा चैत्य. आत स्तूप, दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, वर कमानदार छत. लांबी सुमारे ८६ फूट. कार्ल्याचा चैत्य ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा त्याचा धाकटा भाऊ वाटेल. कार्ल्याची लांबी १२४ फूट आहे. कान्हेरीचे काम कार्ल्याइतके सफाईचे नाही आणि सगळे खांबही कोरून पुरे झालेले नाहीत. ओसरीच्या दोन टोकांना सुमारे २३ फूट उंचीच्या दोन बुद्धमूर्ती उभ्या आहेत, त्या मात्र नंतरच्या, पाचव्या-सहाव्या शतकाकडच्या. या चैत्याच्या दाराशी एक लेख आहे. तो बराच झिजला आहे, तरी त्यावरून एवढे कळते की सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीकडे, हे काम झाले. आणि ते राजाने नव्हे, तर गजसेन व गजमित्र या दोन व्यापारी भावांनी करविले. त्याच लेखात कामावर देखरेख करणारे भिक्षू आहेत, पाथरवट आहेत, दगड घोटून गुळगुळीत करणारे कारागीरही आहेत. राजाचे नाव आले ते फक्त काळ सांगण्यापुरते. पैसा बाजाराचा होता.

आणि हे काही एकट्या या लेण्यापुरते नाही. कान्हेरीत ब्राह्मी लिपीतले लहानमोठे असे पुष्कळ लेख आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी ते १८८१ साली प्रसिद्ध केले, आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शोभना गोखले यांनी त्यांचा समग्र अभ्यास केला. तो ग्रंथ १९९१ साली निघाला. हे लेख वाचत गेले की दात्यांची मिरवणूकच समोरून जाते. सोपाऱ्याचा व्यापारी, कल्याणचा सोनार, चौलचा कोणी गृहस्थ, नाशिकचा कोणी, कोणाची आई, कोणाची लेक, कोणी भिक्षुणी. एकाने खोली दिली, दुसऱ्याने बसायचा ओटा, तिसऱ्याने पाण्याचे टाके, चौथ्याने शेत. काहींनी तर रोख रक्कम कायमची ठेवून दिली. तिला अक्षयनीवि म्हणत. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रे, पादत्राणे यांचा खर्च भागवायचा. हा व्यवहार कसा चाले ते नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखात स्पष्ट आहे. त्याने ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांतले २००० दरमहा शेकडा एक या दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. म्हणजे विणकरांच्या संस्था त्या काळी पेढीचे काम करीत होत्या. भिक्षूंच्या अंगावरचे कापड एका बाजूने दानातून येई आणि दुसऱ्या बाजूने ते दानच विणकरांच्या धंद्यात फिरे. जगाकडे पाठ फिरवण्याची ही रीत नव्हे.

आता पाण्याचे पाहू. एकदा विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. चैत्य पाहून झाला, मूर्ती पाहून झाल्या, आणि आमच्या भागातल्या एका मुलाने विचारले, "सर, इथं पाणी कुठून यायचं?" दुष्काळी गावच्या मुलालाच सुचावा असा हा प्रश्न, आणि माझ्या मते कान्हेरीविषयी विचारावयाचा तोच पहिला प्रश्न आहे. कारण कान्हेरीची खरी करामत मूर्तींत नाही, पाण्यात आहे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या ओसरीशी कातळात खोदलेले एक टाके आहे. कोरीव लेखांत त्याला पोढी म्हटले आहे. डोंगरमाथ्यावर आणि लेण्यांच्या कपाळावर बारीक पन्हळी कोरल्या आहेत. कोकणातला धुवांधार पाऊस त्यांतून घरंगळत या पोढ्यांत उतरतो. पाणी आडोशाला, गारव्याला राहते. चार महिने पडलेला पाऊस आठ महिने पुरवायचा, हा त्यातला सरळ हिशोब. आपल्याकडे बारव आहे, आड आहे. पण ती भूमीच्या पोटातले पाणी वर आणतात. पोढी आभाळाचे पाणी खाली पडताच झेलून धरते.

अशाच एका पोढीवर, पाचव्या लेण्याजवळ, एक फार महत्त्वाचा लेख आहे. शतेरक नावाच्या अमात्याने हे टाके दिले असे त्यात आहे. आणि सहज जाता जाता त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आला आहे. ती कार्दमक वंशातली, एका महाक्षत्रपाची मुलगी. हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामा असे अभ्यासक मानतात. क्षत्रप आणि सातवाहन ही एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेली घराणी. त्यांच्यात सोयरीक झाली होती, हे आपल्याला कळते ते एका पाण्याच्या टाक्यामुळे! राजवाडे गेले, कागदपत्रे गेली, पण पाण्याच्या दानाची नोंद राहिली. याच डोंगरांच्या पाण्यावर पुढे इंग्रजांनी विहार आणि तुळशी हे तलाव बांधले, अनुक्रमे १८६० आणि १८७९ साली. ते दोन्ही या उद्यानाच्या रानातच आहेत आणि आजही मुंबईला पाणी देतात. डोंगर तोच, पाऊस तोच. भिक्षूंनी जे लहान प्रमाणात केले तेच महानगराने मोठ्या प्रमाणात केले.

आता मघाची ती दोन दृश्ये आठवा, समुद्राची रेघ आणि खाडीचा पट्टा. खाडीच्या पलीकडे सोपारे, म्हणजे आजचे नालासोपारा. तेथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तेथला स्तूप उकलला. त्याच खाडीने आत गेले की कल्याण. दक्षिणेकडे चौल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची एक वाटाड्या पोथी लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती इतिहासात प्रसिद्ध आहे. तिच्यात ही तिन्ही बंदरे आहेत. आणि तिच्यातच आपल्या जिल्ह्याचा मान वाढविणारे एक वाक्य आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे, असे तो लिहितो. तगरहून साधे कापड, तलम मलमल, रंगीत कापड असा माल गाड्यांत घालून अवघड मुलखातून भडोचला येतो, असेही तो सांगतो. हे तगर कोणते, यावर विद्वानांत बरीच वर्षे वाद चालला. अखेर १९०१ साली फ्लीट या पंडिताने तगर म्हणजे आपले तेर हे दाखवून दिले, आणि आज ते सर्वमान्य आहे.

येथे कोणी विचारील की माल जर भडोचला जात होता, तर कान्हेरीचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही त्याच पोथीत आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते. पण पुढे ते दुसऱ्याच्या ताब्यात गेले, तेथे अडवणूक सुरू झाली, आणि चुकून तेथे लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेत, असे तो लिहितो. म्हणजे कल्याणची वाट राजकारणाने बंद झाली होती. कोकणची ही किनारपट्टी आणि भडोच यांवरून क्षत्रप आणि सातवाहन यांचा झगडा चालू होता. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपान क्षत्रपाचा पराभव केला आणि हा मुलूख पुन्हा सातवाहनांकडे आला. त्यानंतर दोन-तीन पिढ्यांत यज्ञश्रीच्या काळी कान्हेरीचा मोठा चैत्य उभा राहतो, आणि तो व्यापाऱ्यांच्या पैशातून. वाट उघडली, बंदरे गजबजली, आणि डोंगरातल्या छिन्नीचा आवाज वाढला, असा हा मेळ आहे. देशावरचा माल तेर, पैठण, जुन्नर असा येऊन नाणेघाटाने खाली उतरे व कल्याण-सोपाऱ्याला पोचे. वाटेवर ठिकठिकाणी लेणी आहेत, हे योगायोगाने झालेले नाही. नाणेघाट पाहा, जुन्नरभोवतीचे डोंगर पाहा. जेथे वाट आहे तेथे विहार आहे. भिक्षूला भिक्षा हवी आणि व्यापाऱ्याला मुक्काम हवा. आज भूमचा खवा मोटारीत बसून मोठाल्या शहरांना जातो, तसे तेव्हा तेरचे कापड बैलगाडीत बसून समुद्राकडे जाई. त्यातले काही जहाजात चढे, आणि त्या नफ्यातला काही वाटा कातळात खोली होऊन राही.

तेरलाही या व्यापाराच्या खुणा भरपूर मिळाल्या आहेत. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले आणि त्यानंतरही तेथे वेळोवेळी खोदकामे झाली. मातीच्या मूर्ती, दिवे, मणी, शंखाच्या बांगड्या, रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदके, विटांचा स्तूप, असे पुष्कळ काही वर आले. तेथे मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर फारच प्रसिद्ध आहे. इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात अगदी याच घडणीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली आहे. तेर आणि पाँपेई! गोरोबाकाकांचे तेर आपल्याला ठाऊक आहे. पण गोरोबाकाकांच्या चाकाखालच्या मातीत हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे दुसऱ्या कुंभारांचे तुकडे पडलेले होते, हे किती जणांना ठाऊक असेल?

तेर आणि कान्हेरी यांचा आणखी एक धागा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. नवव्या शतकात उत्तर कोकणावर राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून शिलाहार घराणे राज्य करीत होते. पुल्लशक्ती आणि कपर्दी या शिलाहारांच्या काळचे लेख कान्हेरीत आहेत. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे नाव त्यांत आहे; शके ७६५, ७७५ आणि ७९९ असे काळही आहेत. दाने पाहावीत तर पूजेसाठी, डागडुजीसाठी, वस्त्रांसाठी आणि ग्रंथांसाठी. ग्रंथांसाठी पैसे ठेवलेले पाहिले की मास्तर माणसाला बरे वाटते. एका लेखातला दाता अविघ्नाकर हा तर गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेला. आता हे शिलाहार स्वतःला काय म्हणवीत? त्यांच्या ताम्रपटांतले बिरुद आहे 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे अधिपती. राज्य करायचे समुद्रकाठी आणि अभिमान सांगायचा तेरचा! आपले मूळ गाव विसरलो नाही, असे मुंबईला गेलेला मराठवाड्यातला माणूस आजही सांगतो. तेव्हाचे राजेही तेच सांगत होते.

दूरदूरचे लोक कान्हेरीला येत राहिले. १८३९ साली डॉक्टर बर्ड यांना चैत्यासमोरच्या एका स्तूपात एक ताम्रपट मिळाला. तो त्रैकूटकांच्या काळचा, संवत २४५ चा, म्हणजे इ. स. ४९४-९५ चा. कृष्णगिरीच्या महाविहारात तो स्तूप उभारणारा बुद्धरुची हा सिंधुदेशचा राहणारा होता. नव्वदाव्या लेण्यात तर पहलवी लिपीत काही पारशी पाहुण्यांची नावे कोरलेली आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ सालची. ते काही बौद्ध नव्हते. लेणी पाहायला आले आणि आपण आल्याची नोंद करून गेले. हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले की एखादा खोडकर मुलगा म्हणतोच, "मग सर, आम्ही नाव कोरलं तर काय बिघडलं?" त्याला मी सांगतो की बाबा, त्यांच्याजवळ दुसरी वही नव्हती, तुझ्याजवळ आहे. शिवाय तुझ्यानंतर रोज हजारो लोक येणार आहेत आणि भिंत तेवढीच राहणार आहे.

अकराव्या शतकानंतर मात्र कान्हेरी मंदावत गेली. बौद्ध संघाला आधार देणारी राजघराणी आणि व्यापारी पेढ्या राहिल्या नाहीत. सोपाऱ्याचे महत्त्वही पुढे ओसरले. भिक्षू गेले आणि रान पुढे सरकले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा त्यांना हे सगळे गूढच वाटले. दियोगो दो कूतो या त्यांच्या इतिहासकाराने या लेण्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि येथली भुयारे फार दूरवर जातात अशी लोकांतली समजूतही नोंदली आहे. ज्यांचा उपयोग कळेनासा होतो, त्या वास्तूंभोवती अशा कथा गोळा होतातच. आपल्याकडे नाही का, प्रत्येक जुन्या गढीतून एक भुयार थेट देवीच्या देवळापर्यंत जाते!

अशी स्थिती जगात अन्यत्रही झालेली आहे. अमेरिका खंडात मेक्सिको देशाच्या पूर्व किनाऱ्यावर माया लोकांची तुलूम नावाची तटबंद नगरी आहे. समुद्रावर झुकलेल्या कड्यावर ती उभी आहे. १५१८ साली किनाऱ्याने जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांनी या भागातली नगरे वसलेली पाहिली. पुढे माणसे गेली आणि झाडोरा वाढला. १८४२ साली स्टीफन्स आणि कॅथरवुड हे दोन प्रवासी तेथे पोचले, तेव्हा झाडे तोडून त्यांना भिंती शोधाव्या लागल्या. जवळच मुयील हे त्याहून जुने ठिकाण आहे. सरोवरे आणि कालवे यांतून होड्या समुद्रापर्यंत जात. मीठ, मध, कापसाचे कापड, हिरवे जेड असा माल या किनाऱ्याने फिरे. आज मुयील हे सियान कआन नावाच्या विस्तीर्ण राखीव रानात आहे आणि १९८७ पासून त्या रानाची गणना जागतिक वारशात होते. हजारो मैलांवरची, आपल्याशी कसलाही संबंध नसलेली माणसे. पण कापूस, बंदर, वाट आणि मग रान, हा क्रम बघा, कसा तोच आहे! ज्याला आपण आज निसर्गाचे राखीव अंगण म्हणतो, ते पुष्कळदा माणसाचा जुना बाजार असते.

यातून एक प्रश्न उभा राहतो. रानाने लेणी झाकली की राखली? मला वाटते, दोन्ही केले. मुंबई चारी अंगांनी वाढत गेली, डोंगर फोडून खडी झाली, खाड्या बुजल्या. कान्हेरीच्या भोवती रान नसते तर या कातळाचे काय झाले असते, याचा विचार करवत नाही. आज लेण्यांना १९५८ चा पुरातन वास्तूंचा कायदा आहे आणि रानाला १९७२ चा वन्यजीव कायदा. एकाच डोंगरावर दोन खाती नांदतात. पण कायद्याने सगळे सुटत नाही. रानाच्या कडेने वस्त्या चढत गेल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्यात घरे गेली ती बहुतांशी गरिबांची. पाड्यांवरचे आदिवासी तर या उद्यानाला उद्यान हे नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे राहत आले आहेत. रान राखायचे, लेणी राखायची आणि माणसेही राखायची, हे तिन्ही एकदम साधणे अवघड आहे. आणि ते साधले असे अजून कोणाला म्हणता येणार नाही. पण निदान तेथे काय राखायचे आहे ते सर्वांना माहीत आहे. प्रश्न उघड्यावर आहे.

तेरचे तसे नाही. तेरला कातळ नाही, रानही नाही. तेर मातीचे आणि विटांचे. आपल्या मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात, आणि त्या पांढरीची माती माळवदावर घालायला फार चांगली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक ती उकरून नेत आले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता; छत गळत होते, माती जवळ होती. पण प्रत्येक टोपलीबरोबर एखादा मणी, एखादे नाणे, विटांच्या भिंतीचा एखादा कोपरा जात होता. ज्या गावात हजार वर्षांचा व्यापार एकावर एक थरांनी साचला आहे, तेथे थर हीच पोथी असते. पान फाडले की मजकूर जातो. सुटी नाणी हाती राहिली तरी ती कोणत्या पानावरची, ते सांगता येत नाही.

तरी तेर अगदीच अनाथ राहिले नाही, हेही सांगितले पाहिजे. रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या या वस्तू जमवून ठेवल्या. तो कोणी पदवीधर संशोधकाचा उद्योग नव्हता. आपल्या गावाची वस्तू आपल्या गावात राहावी एवढी साधी बुद्धी होती. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरला आहे आणि ती हस्तिदंती मूर्ती जगाला ठाऊक झाली ती या संग्रहामुळे. गावातले त्रिविक्रमाचे देऊळही अवश्य पाहावे. त्याचा मागचा अर्धगोल विटांचा भाग म्हणजे मूळचा चैत्य, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. कान्हेरीला जो आकार कातळात आहे, तोच येथे विटांत आहे. एक डोंगर पोखरून केलेला, एक रचून केलेला. पण कल्पना एकच, आणि वाटही एकच.

म्हणून श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी कामाधंद्यानिमित्त मुंबईला गेला तर त्याने एक दिवस कान्हेरीसाठी काढावा. मूर्ती तर पाहाव्याच, पण ओसरीजवळच्या पोढीत वाकून पाणी पाहावे, आणि माथ्यावर चढून खाडीकडे नजर टाकावी. परत आल्यावर एक दिवस तेरला जावे. वाटेत येडशीजवळ रामलिंगचे देऊळ आहे. तेही आज अभयारण्यात आहे, आणि बालाघाटात रान राखले तर काय दिसते ते तेथे दिसते. आणि शिवारात नांगराला एखादे खापर, मणी, नाणे लागले, तर ते मुलांच्या खेळण्यात जाऊ देऊ नये. कोणत्या जागी व किती खोल मिळाले ते लिहून संग्रहालयात किंवा तहसील कचेरीत कळवावे. कान्हेरीला कातळ होता म्हणून गजसेन-गजमित्रांची नावे अठराशे वर्षांनी आपण वाचू शकतो. त्यांच्याच काळी तेरहून कापडाच्या गाड्या हाकणाऱ्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. त्यांची साक्ष असलीच तर ती त्या पांढरीत आहे, आणि ती अजून पुरती वाचून झालेली नाही.